मुलगा की मुलगी?

दीड वर्षाच्या लेकीला घेऊन आज दिवसभर बाहेर होते. केस अजून जेमतेम बोटभर, अंगात मावसभावाचा जुना निळा टीशर्ट. बसमध्ये शेजारच्या काकांनी "काय पैलवान!" म्हणत तिच्या दंडाला चिमटा काढला. ही खूश. मी सांगितलं, मुलगी आहे. काका एवढे ओशाळले की उतरेपर्यंत सॉरी म्हणत होते. अहो, तिला कुठे काय वाटलं होतं?

गंमत पुढेच. मुलगी कळल्याबरोबर काकांचा आवाज बारीक. "अगंबाई, किती नाजूक!" वजन तेच, दंड तोच, आणि दोन मिनिटांत पैलवानाची नाजूक झाली!

फ्रँकलिन रूझवेल्ट, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते, त्यांचा १८८४ सालचा फोटो शोधून बघा. लांब केस, पांढरा झगा. तेव्हा तिकडे लहान मुलगे-मुली सगळे झग्यातच असायचे, लंगोट बदलायला सोपं म्हणून. पांढरं कापड उकळून धुता यायचं. गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा ही वाटणी पक्की झाली ती विसाव्या शतकात. आणि आपण ती जन्मखुणेसारखी धरून बसलोय.

नंतर रांगेत एक बाई म्हणाल्या, "निदान एक क्लिप तरी लावा, लोकांना कळायला नको?" कळून नेमकं काय करायचं असतं, हे विचारणार होते, तेवढ्यात आमचा नंबर आला. बाकी क्लिप लावून झालीये हो. तिने ती उपटली आणि तोंडात घातली.