संस्थेच्या नावानं कोण बोलणार?

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी बरीच वर्षं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात, त्या मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. मुलं सोबत गेली की शाळा बुडते. म्हणून त्यांना गावातच ठेवून घ्यायचं, जेवूखाऊ घालायचं, शाळेत धाडायचं, हे आमचं मुख्य काम. सोशल मीडिया आमच्याकडे देणगीदारांच्या आग्रहामुळे आला आणि ते काम माझ्याकडे आलं.

पेज उघडायला काहीच लागलं नाही. खरी अडचण पुढे होती. एक पोस्ट टाकायची तर मजकूर आधी समन्वयकांकडे, मग सचिवांकडे, मग अध्यक्षांकडे जायचा. वार्षिक अहवालासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण टोळीचा ट्रक आज भरला तर त्याबद्दल आजच लिहायला हवं. मंजुरी येईपर्यंत ट्रक कारखान्यावर पोचलेला असायचा.

आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांचं म्हणणं होतं की काम बोललं पाहिजे, आपण नाही. मला त्यांचा आदर आहे, कारण त्यांच्या धास्तीला कारण होतं. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि प्रश्न ऐरणीवर आला हे चांगलंच झालं. पण वस्त्यांवर कॅमेरे आले आणि बायकांना त्याच खाजगी गोष्टी पुन्हापुन्हा सांगाव्या लागल्या. ज्यांनी ते दिवस जवळून पाहिले, त्यांना कॅमेऱ्याची धास्ती वाटणारच.

म्हणून आम्ही आधी बसून एक कागद तयार केला. मुलांचं जेवण, अभ्यास, खेळ, गावातली बैठक याबद्दल कार्यकर्तीने कुणालाही न विचारता लिहावं. पैसा, सरकारी योजना आणि तक्रार यांबद्दल लिहिण्याआधी एकाच व्यक्तीला विचारावं, आणि तिने त्याच दिवशी उत्तर द्यावं. मुलाचं नाव, गाव आणि चेहरा एकत्र कधीच येऊ नयेत. रडणाऱ्या मुलाचा फोटो तर अजिबात नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार मनाई आहे, हे बैठकीत वाचून दाखवलं. आईवडिलांची संमती टोळी निघण्याआधीच, फोटो कुठे दिसणार हे मोबाइलवर दाखवून घ्यायची ठरली. नुसता अंगठा घेऊन भागणार नव्हतं.

या कागदावर सगळ्यांत जास्त वाद ‘न विचारता’ या शब्दांवर झाला. शेवटी अध्यक्षच म्हणाले, ‘‘ज्या ताईंच्या भरवशावर आपण रात्री मुलं सोडतो, त्यांच्या दोन ओळींवर भरवसा नाही का?’’ त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटपाची. संस्थांमध्ये हे काम नेहमी उरलेल्या वेळात करायचं असतं, आणि कार्यकर्तीला उरलेला वेळ असतोच कुठे? आम्ही दरमहा लिहून द्यायचा एक अहवाल बंद केला आणि त्याच महिन्यातल्या पोस्टी अहवालाला जोडायला लागलो. रिचार्जचा खर्च संस्थेने उचलला. हे न करता ‘सगळ्यांनी ॲक्टिव्ह राहा’ म्हणणं म्हणजे राबणाऱ्या बाईवर आणखी एक ओझं टाकणं आहे.

मग एक गोष्ट झाली, जिने माझा सगळा विचार बदलला. वाचक म्हणजे पुण्या-मुंबईचे देणगीदार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण व्हॉट्सॲप स्टेटस सगळ्यांत नेमाने पाहत होते ते फडावरचे आईबाप. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून रात्री खोपीवर आले की ते पाहायचे. एका ताईंनी मुली वेण्या घालून घेताहेत असा व्हिडिओ टाकला होता, फक्त पाठमोऱ्या मुली आणि रिबिनी. लगेच एका आईचा आवाजातला निरोप आला: ‘‘डाव्या बाजूची माझी हाय ना? केस लई वाढले, उवा बघा.’’ त्या हंगामात स्टेटस कुणासाठी टाकायचं, हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

पुढे एका बापाने पेजवर सगळ्यांसमोर लिहिलं की पोरगं सांगतंय, भाजी पातळ असते. कार्यालयात पहिला सूर ‘काढून टाका’ असाच होता. कागद पुढे ठेवला: तक्रार, म्हणजे एका व्यक्तीला विचारायचं आणि त्याच दिवशी उत्तर. स्वयंपाक पाहणाऱ्या मावशींचंच म्हणणं घेऊन त्यांच्या शब्दांत उत्तर दिलं: मुलं वाढली, भाजीचं माप जुनंच राहिलं, उद्यापासून वाढवतो. माप वाढलंही. आता साप्ताहिक बैठकीत आलेल्या प्रतिक्रिया वाचूनच पुढच्या कामाला हात घालतो.

देणग्यांचा पूर आला का? नाही. थोडे नवे लोक जोडले गेले, करसवलतीसाठीच्या 80जी पावतीची विचारणा वाढली, इतकंच. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की पूर्वी बैठकीत मान खाली घालून बसणाऱ्या कार्यकर्त्या आता आपल्या कामाबद्दल स्वतः बोलतात.

सध्या एका मोठ्या देणगीदाराशी बोलणं चालू आहे. त्यांना ‘आधी आणि नंतर’ असे मुलांचे चेहरे दिसणारे फोटो हवेत. आम्ही आमचा कागद करारासोबत जोडून पाठवला आहे आणि पुढच्या आठवड्यात त्यांची माणसं भेटायला येणार आहेत. बोलायला अध्यक्षांसोबत वसतिगृहाच्या ताईही बसतील.