सेंट्रल लाइनचे दिवस मोजताना : आयसीयूमधल्या माझ्या थिसिसचा अनुभव

मी आयसीयूमध्ये आठ वर्षं स्टाफ नर्स आहे, आणि एमएस्सी नर्सिंगला थिसिससाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला शोधाशोध करावी लागलीच नाही. आमच्याकडे एक आजी होत्या, पोटाच्या ऑपरेशननंतर आलेल्या, ऑपरेशन छान झालेलं, टाके कोरडे, दोन दिवसांत वॉर्डला शिफ्ट करायचं असं ठरलेलं, आणि आठव्या दिवशी एकदम थंडी वाजून ताप आला, बीपी पडलं, ब्लड कल्चरमध्ये जंतू निघाले आणि ते मानेतल्या सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत टाकलेल्या औषधाच्या नळीतून, गेलेले. आजी वाचल्या, पण त्यासाठी त्यांना आणखी तीन आठवडे आयसीयूत पडून राहावं लागलं. ज्या दुखण्यासाठी आल्या ते तर केव्हाच बरं झालं होतं, हे दुखणं आम्ही दिलेलं. त्या लाइनला मी स्वतः एका ड्युटीत कितीतरी वेळा हात लावलेला आहे. ते मला अजून विसरता येत नाही.

गाईड मॅडमना मी विषय सांगितला, "आयसीयूमधली इन्फेक्शन्स आणि ती टाळायचे उपाय." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं तू काय मोजणार आहेस, आणि कशाने भागणार आहेस?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन तीनदा कागद फाडला. शेवटी विषय एवढाच उरला, की सेंट्रल लाइन असलेल्या पेशंटमध्ये लाइन उघडायच्या आधी हात स्वच्छ होतात का, लाइनचं तोंड म्हणजे हब नीट पुसलं जातं का, आणि आम्ही काही बदल केले तर ते सुधारतं का. बस. ऐकायला लहान वाटतं पण हेच करता करता वर्ष गेलं.

भागायचं कशाने हे मला वाचता वाचता कळलं. डॉक्टर सेमेलवाइसची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते, बाळंतिणी तापाने मरायच्या म्हणून १८४७ साली व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले वगैरे. पण मला त्यातली खरी गोष्ट त्याचे तक्ते वाटले. दोन प्रसूती विभाग, एकात शिकाऊ डॉक्टर जे शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला यायचे, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या ११.४ बायका दगावल्या, दुसऱ्यात २.८. तो नुसते मृत्यू मोजत बसला असता तर काही हाती लागलं नसतं, त्याने एकूण बाळंतपणं किती झाली तेही मोजलं. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागाचं प्रमाण १८.३ टक्के होतं, मे महिन्यात हात धुणं सुरू झालं आणि जूनमध्ये ते २.२ वर आलं. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं, त्याला पण माहीत नव्हतं.

आमच्या बाबतीत भागायचं ते "लाइन-दिवसांनी". रोज ठरलेल्या एकाच वेळी आयसीयूत फिरायचं आणि किती पेशंटना सेंट्रल लाइन आहे ते मोजायचं, एका पेशंटला दोन लाइन असल्या तरी तो एकच लाइन-दिवस. महिनाभराची बेरीज करायची, आणि तेवढ्या दिवसांत लाइनमुळे झालेली रक्तातली इन्फेक्शन्स, ज्याला सगळे क्लॅब्सी म्हणतात, ती भागिले लाइन-दिवस गुणिले १०००. गणित चौथीतलं आहे. पण रोज मोजणं म्हणजे रोज, रविवारी पण, ज्या दिवशी तीन अ‍ॅडमिशन आहेत आणि एका पेशंटचं हृदय बंद पडलंय त्या दिवशी पण. एकदा माझी सुट्टी होती आणि कुणीच मोजलं नाही, दुसऱ्या दिवशी एक सहकारी म्हणाली अगं कालच्याइतकेच लिही ना, काय फरक पडतो. मी ती जागा रिकामी ठेवली आणि वहीत कारण लिहिलं. अंदाजाने एक आकडा भरला की बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा आपला स्वतःचा विश्वास जातो.

एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासाला परवानगी देणारी समिती. याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण मला वाटलं होतं फॉर्म भरायचे, सह्या घ्यायच्या, झालं. स्टाफची नावं लिहिणार का, असं विचारलं, मी म्हटलं नाही, फक्त नर्स, डॉक्टर, टेक्निशियन, सहायक एवढंच. स्टाफला सांगणार का? हो, निरीक्षण चालू आहे हे सगळ्यांना सांगणार, फक्त कुठल्या वेळी ते नाही. मग कमिटीतल्या एका बाई, त्या आमच्या क्षेत्रातल्या नव्हत्या, त्यांनी विचारलं, "समजा तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी हात स्वच्छ न करता लाइन उघडतंय. तुम्ही लिहिणार की थांबवणार?"

मी गप्प. माझ्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, याबद्दल एक ओळ नव्हती. मी चाळीस पानं लिहिली होती आणि ज्या पेशंटसाठी लिहिली त्याचाच विचार राहून गेला होता. पुढच्या मीटिंगला जाताना लिहून नेलं, की पेशंटला थेट धोका दिसला तर मी तिथेच थांबवणार, नोंद जशी झाली तशीच ठेवणार आणि शेजारी "हस्तक्षेप केला" असं लिहिणार. त्याने माझा डेटा थोडा बिघडणार हे मान्य होतं. परवानगी मिळाली.

मग प्रत्यक्ष निरीक्षण. डब्ल्यूएचओची पद्धत वापरली, एका वेळी साधारण २० मिनिटं उभं राहायचं, हात स्वच्छ करायचे पाच क्षण असतात ते पाहायचे, पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी वगैरेशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. माझा जीव दुसऱ्या क्षणात अडकलेला, कारण लाइन उघडणं त्यात येतं. पहिला आठवडा माझ्या हातात क्लिपबोर्ड दिसला की सगळे हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं जंतुनाशक, घ्यायचे, अगदी जाता येता. आकडे सुंदर आले. ते खोटे नव्हते पण ते आमचे रोजचे पण नव्हते. म्हणून पहिले काही दिवस मोजणीत धरलेच नाहीत, नुसती उभी राहिले, सगळ्यांना माझी सवय होईपर्यंत. कुणी हा अभ्यास करणार असेल तर हा वेळ आधीच धरून ठेवा.

आणि एका रात्री मला हवं होतं ते दिसलं. पावणेतीनची वेळ, इन्फ्युजन पंप, म्हणजे शिरेतून औषध सोडणारं यंत्र, वाजला, औषध संपत आलेलं, ब्लड प्रेशर टिकवणारं औषध, म्हणजे थांबून चालणार नाही. सिस्टर आल्या, आधी हँडरब घेतलं, व्यवस्थित, मग ग्लोव्हज घातले. तेच ग्लोव्हज घातलेल्या हाताने पंपाचा अलार्म बंद केला, बेडचं रेलिंग खाली केलं, पडदा थोडा सरकवला कारण उजेड येत नव्हता, आणि मग हबचं झाकण काढलं. अल्कोहोल स्वॅबचा, म्हणजे हब पुसायच्या अल्कोहोलने ओल्या तुकड्यांचा, डबा ट्रॉलीवर, ट्रॉली दोन बेड पलीकडे. त्यांनी खिशातला एक स्वॅब काढला, हबवर एकदा फिरवला, दोन सेकंद असेल, आणि ओलं असतानाच सिरिंज जोडली. आमच्या युनिटच्या नियमांत १५ सेकंद घासायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं असं लिहिलंय. या सिस्टर आमच्या युनिटमधल्या सगळ्यात मन लावून काम करणाऱ्यांपैकी आहेत, मला कामाला लागल्यावर लाइन सांभाळायला त्यांनीच शिकवलं. हात स्वच्छ केले, ग्लोव्हज घातले, त्यांच्या मते सगळं बरोबर झालं होतं. पण रेलिंगवरचं जे काही होतं ते ग्लोव्हजवरून सरळ लाइनच्या तोंडाशी गेलं.

मी थांबवायला हवं होतं का? सिरिंज जोडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तसं लिहून ठेवलंय.

त्या रात्रीनंतर मी माझ्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, "ग्लोव्हज घातल्यावर मध्ये कशाला हात लागला." आणि हाच रकाना सगळ्यात जास्त भरला. निष्काळजीपणा म्हणावा असं फार थोडं सापडलं, बहुतेक वेळा वस्तू हाताशी नव्हती किंवा क्रम उलटा झालेला. जिनिव्हाच्या हॉस्पिटलातले डॉक्टर दिदिए पिते आणि त्यांच्या टीमचं हात स्वच्छ ठेवण्यावरचं काम मी तेव्हा परत वाचून काढलं. त्यांनी हँडरब बेडजवळ आणलं, पोस्टर लावली, स्टाफला त्यांचेच आकडे दाखवले, आणि हात स्वच्छ करायचं प्रमाण १९९४ मध्ये ४८ टक्के होतं ते १९९७ मध्ये ६६ टक्के झालं, हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या इन्फेक्शनचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. त्यांच्याच आधीच्या अभ्यासात दिसलं होतं की काम जितकं जास्त तितकं हात स्वच्छ करायचं प्रमाण कमी, आणि आयसीयूत तर आणखी कमी. हे वाचून मला बरं वाटलं, आमच्यातच काही खोट आहे असं नव्हतं.

बदल साधे केले. प्रत्येक बेडला हँडरब हात पुरेल एवढ्या अंतरावर, स्वॅबचा डबा पंपाच्या स्टँडलाच अडकवला, आणि क्रम लिहून लावला, आधी अलार्म, पडदा, रेलिंग, सगळं उरकायचं, मग हात, मग ग्लोव्हज, मग हब. डबा कुठे अडकवायचा हे मावशींनी सुचवलं, मी रेलिंगला लावणार होते, त्या म्हणाल्या, "ताई, रेलिंग मी दिवसातून किती वेळा पुसते, डबा रोज पडेल." शिवाय रोजच्या राउंडला एक प्रश्न ठरवून घेतला, या पेशंटला आज लाइनची गरज आहे का. हा प्रश्न अमेरिकेतल्या मिशिगनच्या अभ्यासातून घेतला, डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांचा, २००६ साली आलेला, १०३ आयसीयूंचा डेटा, पाचच गोष्टी, हात धुणं, लाइन टाकताना पूर्ण गाऊन-मास्क आणि पेशंटवर निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतून लाइन न टाकणं, आणि गरज संपली की काढणं. तीन महिन्यांत त्यांचा क्लॅब्सीचा मध्यक, म्हणजे सगळे दर क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा, २.७ वरून शून्यावर आला, दर १००० लाइन-दिवसांमागे.

सीनियर सरांना रोज तो प्रश्न विचारायला मला पहिले काही दिवस फार जड गेलं. नंतर रेसिडेंट डॉक्टर स्वतःच म्हणायला लागले, सिस्टर, बेड चारची लाइन आज काढू.

आता निकालाबद्दल, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. हब घासणं सुधारलं, दुसऱ्या क्षणाचे हात सुधारले, हे मी खात्रीने सांगते. इन्फेक्शन कमी झाली का? माझं युनिट लहान आहे. समजा महिन्यात २०० लाइन-दिवस झाले आणि एक इन्फेक्शन झालं, तर दर येतो ५. दोन झाली तर १०. म्हणजे एका पेशंटने दर दुप्पट होतो, आणि एका महिन्यात शून्य आलं म्हणून आपण जिंकलो असं होत नाही. माझ्याकडे तुलनेला दुसरं युनिट पण नव्हतं, आधी आणि नंतर एवढंच, मधल्या काळात पेशंट बदलले, स्टाफ बदलला. मॅडमनी माझ्या मसुद्यातलं "इन्फेक्शन कमी झाल्याचे सिद्ध झाले" हे वाक्य लाल पेनने खोडलं तेव्हा मला रडू आलं, खरंच, वर्षभराची मेहनत होती. पण त्यांचं बरोबर होतं. ते वाक्य गेलं आणि त्या जागी आम्ही जे पाहिलं तेवढंच लिहिलं.

व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा झाली, थिसिस जमा झाला. लाइन-दिवसांची वही मात्र बंद केली नाही, आता ती नाइट ड्युटीवाल्या सिस्टर भरतात, सकाळी सहाला. सध्या आम्ही लघवीच्या कॅथेटरसाठी, म्हणजे नळीसाठी, तसाच फॉर्म करतोय, बॅग मूत्राशयाच्या खाली आहे का, जमिनीला टेकते का, आज कॅथेटरची गरज आहे का. परवा चार पेशंटवर भरून बघितला तर पेशंटला स्कॅनला नेताना बॅग कुठे ठेवतात याचा रकानाच नव्हता, पोटावर ठेवून नेत होते. तो घातलाय, सोमवारपासून परत मोजायला सुरुवात.