सन २००० असं असणार होतं!

१९०० च्या आसपास फ्रान्समध्ये ज्याँ-मार्क कोते आणि आणखी काही चित्रकारांनी सन २००० मधलं जग कसं असेल याची चित्रं काढली होती, ती कितीही वेळा बघितली तरी माझं मन भरत नाही. पंख लावून उडणारे फायरमन काय, देवमाशाला अडकवलेली पाण्याखालची बस काय! सगळ्यात भारी शाळेचं चित्र. गुरुजी एका यंत्रात पुस्तकं टाकतायत, एक मुलगा हँडल फिरवतोय आणि वायरींमधून ते सगळं थेट बाकावरच्या पोरांच्या डोक्यात. एवढं यंत्र सुचलं पण फिरवायला हँडलच!

याच्या अगदी उलट न्यूयॉर्क टाइम्स. ऑक्टोबर १९०३ मध्ये त्यांनी लिहिलं की उडणारं यंत्र बनायला दहा लाख ते एक कोटी वर्षं लागतील, आणि १७ डिसेंबरला राइट बंधू उडाले पण.

पॅन अॅम या अमेरिकन विमान कंपनीने तर चंद्रावर जायची वेटिंग लिस्टच काढली होती, ९० हजारांच्या वर लोकांनी नावं दिली. १९९१ ला कंपनीच बंद पडली, पण ती नावं देणारी माणसं मला फार आवडतात, मी तेव्हा असते तर पहिल्याच दिवशी नाव दिलं असतं.