बाद मालाचा ट्रे

कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोच्या बाजूला, मी एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. बॅच संध्याकाळची. वर्गात अठरा वर्षांची पोरं असतात आणि त्यांच्या आयांच्या वयाच्या बायकाही. बहुतेक जण कामावरून परस्पर येतात. माझं माहेर तासगावचं, आणि हा मुलूखही बेदाण्याचाच. आपल्याकडे शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात, इथे बरेच जण वेलींच्या दोन ओळींमध्ये कागद अंथरून उन्हात. सप्टेंबरातला इथल्या हवेचा वास मला पहिल्या वर्षीच ओळखीचा वाटला होता.

२०१७ साली या राज्यात एबी ७०५ नावाचा कायदा झाला. त्याआधी गणितात कच्च्या ठरलेल्यांना एकामागून एक पायाभूत कोर्स करावे लागत आणि त्यातच कितीतरी जण कॉलेज सोडून देत. आता बहुतेकांना थेट पदवीच्या पातळीवरच्या विषयाला बसवतात आणि गरज असेल त्यांना जोडीला मदतीचा तास देतात. मला हे मनापासून पटतं. पण त्यामुळे बीजगणित पार विसरलेली बाई आणि बीजगणितात रमणारा मुलगा एकाच बाकावर येतात, आणि "समजलं का?" विचारलं की दोघंही सारखीच मान हलवतात.

त्या मान हलवण्यावर मी अकरा वर्षं विश्वास ठेवला.

मग हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत वापरून पाहायचं ठरवलं. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. मत मोबाईलवरून, नाव न दिसता. सगळ्यांची मतं पडेपर्यंत आलेख पडद्यावर दाखवायचा नाही, हे फार महत्त्वाचं. एक पट्टी उंच दिसली की सगळा वर्ग तिकडेच धावतो.

त्या दिवशी शर्तीय संभाव्यता होती, म्हणजे एक गोष्ट घडल्याचं कळल्यावर दुसरीची शक्यता किती. माझा आवडता धडा, आणि शिकवलाही छान होता. प्रश्न असा: शंभरात एकाला असणारा आजार. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर पकडते, पण निरोगी माणसांपैकी १० टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तुम्हाला आजार असण्याची शक्यता किती?

आलेख उघडला. ३४ जणांपैकी २२ जणांनी ९० टक्के निवडलं होतं. बरोबर उत्तर फक्त सहा जणांचं. माझ्या पोटात गोळा आला. दर सहामाहीत हेच होत असणार, आणि मला ते आज दिसत होतं.

बरोबर उत्तरं तीस टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा न करता पुन्हा शिकवावं, असा या पद्धतीतला संकेत आहे. मी खडू उचलला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "प्रोफेसर, हे आमच्या बाद मालाच्या ट्रेसारखं आहे का?"

ही बाई बेदाण्याच्या पॅकिंग हाऊसमध्ये काम करते. दीड महिन्यात वर्गात एकदाही बोलली नव्हती. मी खडू तिच्या हातात दिला.

तिने फळ्यावर पट्टा काढला. वर कॅमेरा. देठ किंवा काडी दिसली की मशीन हवेच्या झोताने ती ट्रेमध्ये उडवतं. "आम्ही तो ट्रे पुन्हा हाताने निवडतो," ती म्हणाली. "ट्रेमध्ये बहुतेक चांगलाच बेदाणा असतो. मशीन वाईट नाही. पण पट्ट्यावर देठ असतातच किती? चांगला माल एवढा असतो, की त्यातला थोडा जरी चुकून उडाला तरी ट्रे त्यानेच भरतो."

वर्गात चुळबुळ झाली. मी फक्त एवढंच म्हटलं, आता बेदाण्याऐवजी हजार माणसं घ्या आणि शेजाऱ्याबरोबर मोजा. टक्क्यांपेक्षा माणसं मोजली की असा प्रश्न सोपा जातो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी १९९० च्या दशकातच दाखवलं होतं. मला ते माहीत होतं, आणि तरी मी सूत्रापासूनच सुरुवात करत आले होते.

चार मिनिटं नुसता गलका. दहा आजारी, त्यातले नऊ पॉझिटिव्ह. ९९० निरोगी, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. म्हणजे १०८ मध्ये नऊ, जेमतेम आठ टक्के. दुसऱ्या फेरीत २९ जण बरोबर आले. सूत्र मी त्यानंतर लिहिलं, आणि त्यातली प्रत्येक संख्या ट्रेमध्ये कुठे पडते ते मुलांनीच सांगितलं.

तास सुटल्यावर ती फळ्याचा फोटो काढत थांबली. सुपरवायझरला दाखवायचा होता. मग म्हणाली, "मशीन आणखी कडक लावलं, तर देठ कमी सुटतील, पण ट्रे किती भरेल, हे आधी काढता येतं का?"

पुढच्या आठवड्याचा धडा नेमका तोच होता. मी तिला म्हटलं, तुमच्या पट्ट्यावरचे आकडे घेऊन या, सुरुवात त्यानेच करू.