कृष्णाकाठ जिथं थांबतं

रविवारी आप्पांना घेऊन प्रीतिसंगमावर गेलेलो. कराडात राहून तिथं जायला कारण लागत नाही म्हणा, भेळ खायची, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार करायचा, कृष्णा नि कोयना समोरासमोर येऊन भिडतात ते बघायचं आणि घरी. पण नुकतंच त्यांचं आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' दुसऱ्यांदा वाचून संपवलेलं, त्यामुळं डोक्यात तेच घोळत होतं.

त्यात आईचा प्रसंग आहे. 1932 ला पोरगं जेलात, भेटीला गेल्यावर कुणीतरी सुचवतं की माफी मागितली तर सुटेल, आणि देवराष्ट्राची ती विठाई पोराला सांगते की माफीबिफी काही नाही, तब्येत जप. पुढं 42 च्या चळवळीत हे भूमिगत, तर वेणूताईंना पोलिसांनी उचललं, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं ओ! म्हणजे स्वातंत्र्य गेलं की घरावर काय येतं हे या माणसाला भाषणातनं शिकायची गरज नव्हती.

आणि हाच माणूस 1975 ला आणीबाणी आली तेव्हा परराष्ट्रमंत्री. विरोधक मिसा कायद्याखाली खटल्याशिवाय आत, पेपरांवर सेन्सॉर, आणि साहेब मंत्रिमंडळातच. मला हे पचतच नाही. 1962 च्या चीन युद्धावेळी ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले त्यावरनं 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपल्याकडं प्रत्येक सभेत ऐकायला मिळतं, पण 75 चं कुणी काढत नाही.

आप्पा चिडले. म्हणले, 1960 ला महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाल्यावर विरोधकांनासुद्धा सोबत घेऊन चालणारा माणूस होता तो, बेरजेचं राजकारण उगाच म्हणत नाहीत, आणि एवढी वर्षं मोठमोठी खाती सांभाळून मागं ठेवलं काय तर पुस्तकं. ते मान्यच आहे, कपाटं भरून पुस्तकं आहेत, इथंच वेणूताईंच्या स्मारकात बघायला मिळतात. पण स्वतःचं वागणं स्वच्छ असणं वेगळं नि दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी खुर्ची सोडणं वेगळं, असं आपलं माझं मत.

चुटपुट लागते ती याची की 'कृष्णाकाठ' 1946 ला थांबतं, म्हणजे सत्ता सुरू होते बरोबर तिथंच. पुढचे भाग मुंबई आणि दिल्लीचे व्हायचे होते, पण 1983 ला वेणूताई गेल्या, 84 च्या नोव्हेंबरात ते स्वतः. जेलातला यशवंत आपल्याला त्याच्याच शब्दांत भेटतो, खुर्चीतला नाही.

आप्पांनी भेळेचा कागद चुरगाळला. "मागल्या महिन्यात तुझा हापिसातला साहेब त्या पोराला उगंच झापत होता म्हणलास, तवा तू काय बोललास?"

मी म्हणलं, ते वेगळं आहे आप्पा.

"हां. वेगळंच असतंय."