असलं लिहिणारी माणसं राहतात तरी कशी?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या घरी भिशी असते. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आम्ही अकरा जणी, चहा, पोहे आणि स्टीलच्या डब्यात घड्या घालून टाकलेल्या चिठ्ठ्या. दिवाळी अंकात माझी एखादी भयकथा छापून आली, की त्या महिन्यात कुणीतरी विचारतंच, "काय ओ वहिनी, असलं लिहिणारी माणसं राहतात तरी कशी? त्यांची घरं बी तसलीच असतात काय?" विचारताना नजर माझ्या माळ्याकडे असते. माळ्यावर गव्हाचं पिंप आणि गणपतीच्या आराशीचं सामान आहे. दुसरं काही नाही.

खरं सांगते, मलाही असंच वाटायचं. आठवी-नववीत असताना करवीर नगर वाचन मंदिरातून आजोबांच्या नावावर नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं आणायचे. १८५० सालचं ते ग्रंथालय, त्यामुळे पुस्तकाला मुळातच एक कोंदट वास. घरी येईपर्यंत धारपांचं घर माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलेलं असायचं : गावाबाहेरचा वाडा, एकाच खिडकीत दिवा आणि कधीच न बोलणारा एक म्हातारा गडी. पुढं कळलं की ते पुण्यात राहतात आणि त्यांनी रसायनशास्त्र शिकलंय. मी चक्क रुसले. पुण्यात! प्रयोगशाळेतला माणूस!

गूढकथा लिहिणारे रत्नाकर मतकरी वीसेक वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, हे कळलं तोवर मीही एका पतसंस्थेत चिकटले होते. या वेळी रुसले नाही. मार्चअखेरीला दोन रुपयांचा फरक सापडत नसतो, रात्रीचे नऊ वाजलेले असतात, शिपाई मागच्या खोलीपासून एकेक दिवा मालवत येत असतो आणि तुम्ही तीच बेरीज पाचव्यांदा करता. ती पाचव्यांदाही तीच येते. भयकथा लिहायला वाडा कशाला लागतो?

तेव्हापासून एखादा लेखक आवडला की त्याचं टेबल-खुर्ची मी डोळ्यांपुढं आणतच नाही. तो जेवतो काय, पाणी कुठून भरतो, घरात अजून कोण आहे, हे शोधत बसते. कथाकार जी. ए. कुलकर्णींचा जन्म एकसंब्याचा, म्हणजे आमच्यापासून काही फार लांबचा नाही. ते जिथं प्राध्यापक होते त्या धारवाडला मी एका लग्नाला गेले होते, तर रिक्षातून प्रत्येक जुन्या कौलारू घराच्या दाराकडे बघत बसले. काळा चष्मा घातलेले सर आत्ता बाहेर येतील म्हणून. त्यांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

मनानं सगळ्यात जास्त वेळा मी जाऊन आले ती भयकथा लिहिणाऱ्या लव्हक्राफ्टकडे. अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स हे त्याचं गाव. १९३७ साली सेहेचाळिसाव्या वर्षी तिथंच वारला. विश्वाच्या पलीकडचे देव आणि समुद्राच्या तळाशी झोपलेली शहरं लिहिणारा हा माणूस दिवसाला ३० सेंटांत जेवण भागवायचा आणि तो हिशोब पत्रांतून मित्रांना कळवायचा. पाव, चीज आणि डब्यातल्या घेवड्याच्या बिया, त्याही बऱ्याचदा गार. मासे बघितले तरी त्याला शिसारी यायची. कॉफीत मात्र भरपूर साखर, आणि आइस्क्रीम म्हणजे जीव की प्राण. एकदा दोन मित्रांना घेऊन त्यानं एकाच दुकानातले २८ प्रकार चाखले. मला तो त्या दुकानात फार आवडतो.

शेवटची चार वर्षं तो कॉलेज स्ट्रीटवरच्या घरात मावशीबरोबर राहिला. खिडकीतून गावाच्या पलीकडच्या टेकडीवरचं एक काळसर चर्च दिसायचं. १९३५ साली त्यानं तीच खिडकी आणि तेच चर्च उचलून गोष्टीत घातलं. माझ्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची सिंटेक्सची काळी टाकी दिसते. तिच्यावरही मी एक कथा लिहिली. संपादकांनी साभार परत केली, ते सोडा.

पण लव्हक्राफ्टच्या घराच्या दारात मी नेहमी अडखळते. आपल्यासारख्या रंगाच्या माणसांबद्दल त्यानं जे लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. परक्या देशांतून आलेल्या गर्दीची त्याला किळस यायची, आणि ती किळस गोष्टींतही उतरलीय. मी खरोखर त्याच्या दारात उभी राहिले असते, तर मावशींनी कदाचित कॉफी विचारली असती. त्यानं नसती विचारली. तरीही मी वाचते. त्याचं समर्थन मात्र करणार नाही.

त्याचा मित्र क्लार्क ॲश्टन स्मिथ कॅलिफोर्नियात एका लाकडी खोपटात म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळत राहायचा. वीज नाही, नळ नाही. फळं तोडायला, लाकडं फोडायला मजुरीनं जायचा आणि घरी येऊन मरणाऱ्या सूर्याखालच्या राज्यांबद्दल लिहायचा. २०१९ च्या पुरात गावभर पाणी आणि नळ कोरडे, अशी आमची गत झाली होती. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभी असताना मला हाच आठवत होता. मला मात्र त्या आठवड्यात एक ओळ सुचली नाही.

आणि भिशीतल्या बायकांना मी जिच्याबद्दल सांगितलं, ती अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन. नवरा कॉलेजात शिकवणारा, घरात लहान मुलं, पुस्तकांचे ढीग. तिनंच सांगून ठेवलंय, की सकाळी मुलीला ढकलगाडीत बसवून, त्यातच बाजार घालून ती चढ चढत घरी येत होती, तेव्हा 'द लॉटरी' ही गोष्ट सुचली. घरी आल्यावर पोरीला खेळायला बसवलं, भाजी फ्रिजमध्ये ठेवली आणि लिहायला बसली. जून १९४८ मध्ये ती छापून आल्यावर मासिकाकडे रागावलेल्या वाचकांच्या पत्रांचा नुसता पाऊस पडला. गोष्ट एवढीच : एका गावात दरवर्षी सगळे जमतात, काळ्या पेटीतून चिठ्ठ्या काढतात, आणि ज्याच्या हाती काळ्या ठिपक्याची चिठ्ठी येते त्याला गाव मिळून दगडांनी मारतं. गप्पा मारत, घाईघाईनं, जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोचायचं म्हणून.

मी हे सांगून संपवलं तेव्हा डबा सतरंजीवर मधोमध होता. कुणी हात घालेना. शेवटी कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही गप बसा बघू," आणि नातवाला हाक मारली.

तेव्हापासून आमच्या भिशीत चिठ्ठी लहान पोरच काढतं. त्या गोष्टीतही एक लहान मुलगा चिठ्ठी काढतो, आणि शेवटी कुणीतरी त्याच्या हातात चार खडे देतं. एवढं मात्र मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.