तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या धावपळीत देवाकडे लक्ष कसं राहतं?

राहत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली कित्येक वर्षं मी या प्रश्नाला गोलगोल उत्तर देत आलेय. उपासना संपली की दाराशी कुणीतरी थांबवतं, ताई, नोकरी, घर, मुलं, त्यात चर्चच्या मंडळीचं एवढं काम, तरी तुम्ही इतक्या स्थिर कशा, आम्ही दहा मिनिटं बायबल घेऊन बसलो तरी डोक्यात भलतंच सुरू होतं. आणि मी म्हणायचे, प्रभूची कृपा. कृपा आहेच, त्यात वाद नाही. पण ते उत्तर नव्हतं, मी माझी सुटका करून घेत होते.

आधी माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर पण होतं. पहाटे उठा. मार्क १:३५, येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत होता, मग आपण का नाही. किती बायकांना मी हे शिकवलं असेन! ज्यांची रात्र तान्ह्या बाळापायी मोडलेली असायची त्यांनाही. पुढची दोन वचनं मात्र मी कधी वाचून दाखवली नाहीत. तिथे त्याचा शिष्य शिमोन आणि सोबतचे त्याला शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुम्हाला शोधताहेत. म्हणजे त्याची पहाटसुद्धा लोकांनी पूर्ण होऊ दिली नाही. तो चिडल्याचं तिथे लिहिलेलं नाही, तो उठतो आणि पुढच्या गावांना निघतो. तेव्हाची मी म्हणेल, पण तो उठला तरी होता ना. हो, उठला होता. मीही उठते, आजही. फक्त पहाटे उठलं की लक्ष आपोआप लागतं असं आता मी कुणाला सांगत नाही.

आणि वेळ नाही, फोन फार झालाय, जगच असं झालंय, हे मी मान्य करत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक साधू होता, ३९९ मध्ये वारला. त्यानं लिहून ठेवलंय की खोलीत एकट्या बसलेल्या साधूला भर दुपारी काय होतं. दिवस पन्नास तासांचा वाटायला लागतो, तो सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन सूर्य कुठवर आला ते पाहतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून इकडे तिकडे नजर टाकतो. ना ऑफिस, ना मुलं, ना मोबाईल, आणि तरी हे. वाचलं तेव्हा आधी बरं वाटलं आणि मग अजिबात बरं वाटलं नाही, कारण मी सगळा दोष धावपळीवर टाकून मोकळी झाले होते आणि तो दरवाजा बंद झाला.

आता खरं काय ते लिहिते. हे मी मंडळीत कधीच साक्ष म्हणून, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात तसं, सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, कारण साक्षीच्या शेवटी सगळं नीट झालेलं असावं लागतं.

माझ्या एका जवळच्या मैत्रिणीच्या मिस्टरांचं हार्टचं ऑपरेशन होतं. सकाळी पावणेआठला तिचा मेसेज आला, आज ११ ला आत नेणार आहेत, प्लीज प्रार्थनेत राहा, तू करत असलीस की मला धीर असतो. मी एका हातानं बॅग भरत होते. दुसऱ्या हातानं लिहिलं, "नक्की, करतेय", आणि पुढे ते जोडलेले हात. तिकडे लगेच निळ्या खुणा झाल्या, तिनं वाचलं. करतेय लिहिलं मी, करेन पण नाही. आणि तेव्हा केली नाही, बसमध्ये नाही, ऑफिसला पोचल्यावर नाही. अकरा वाजता मी फोनवर होते. बायकांच्या प्रार्थना शिबिराचं वेळापत्रक ठरत नव्हतं, दुसरा संदेश जेवणाआधी घ्यायचा की नंतर यावर मी चाळीस मिनिटं बोलले. प्रार्थना शिबिर! देवाचंच काम होतं ते, म्हणूनच मला काही टोचलं नाही. रात्री झोपताना अंग इतकं दुखत होतं की प्रभू, सगळ्यांना सांभाळ, आमेन, एवढं म्हटलं. त्या सगळ्यांमध्ये ते येतात का, मला माहीत नाही. मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

ते शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

दफनविधीनंतर तिनं मला घट्ट धरलं आणि म्हणाली, त्या तीन तासांत मी बाहेर बाकावर एकटी नव्हते गं, तू होतीस. आणि मी हो म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी जे झालं त्याला विसरले म्हणता येईल, दमले होते म्हणता येईल. त्या हो ला काय म्हणू? तिथे माझं पूर्ण लक्ष होतं. तिचे डोळे, ओला रुमाल, मागे उभे असलेले चर्चचे पाळक, सगळं दिसत होतं आणि मी हो म्हटलं.

सात महिने मी ते घेऊन फिरले. बायबल उघडलं की तेच पान, म्हणजे पान कुठलंही असलं तरी तेच. शेवटी याकोब ५:१६ वाचलं, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, आणि ठरवलं की सांगायचं. तिच्या घरी गेले. ती टेबलावर विम्याचे कागद फाईलला लावत बसली होती. मी सांगितलं. ती कागदांच्या कडा जुळवत राहिली, एकदा, परत एकदा, जुळलेल्याच होत्या त्या. मग म्हणाली, "त्या दिवसातलं माझ्याकडे एवढंच चांगलं उरलं होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "हे तू तुझ्यासाठी सांगितलंस, माझ्यासाठी नाही."

मी उठून आले. ती दाराशी आली नाही.

ती चुकली असं मला म्हणवत नाही आणि मी चुकले असंही पूर्ण म्हणवत नाही. खोट्यावर उभा असलेला आधार तसाच ठेवायचा का? काही दिवस वाटतं ठेवायला हवा होता, काही दिवस वाटतं त्या हो सकट मी आयुष्यभर तिच्याशी बोलू शकले नसते. आणि याकोबाचं ते वचन मी अर्धंच घेऊन गेले होते. कबूल करा याच्या लगेच पुढे, त्याच वचनात, एकमेकांसाठी प्रार्थना करा असं आहे. तेच तर मी केलं नव्हतं, आणि कबूल करून आल्यावरही तिच्याबरोबर बसून केलं नाही.

पाळकांना विचारलं, मी केली असती तर? ते म्हणाले, देव तुझ्या आठवणीवर अवलंबून नाही. बरोबर आहे, मलाही हेच शिकवलंय, मीही हेच शिकवते. पण मग आपण एकमेकांना विनंत्या कशाला देतो, यावर ते गप्प राहिले आणि मीही. मार्क ५ मध्ये याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकलेली असते आणि तिच्याकडे निघालेला येशू वाटेत थांबतो, बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईसाठी, आणि तो तिच्याशी बोलत असतानाच निरोप येतो की मुलगी गेली. मला आता त्या गोष्टीत याईरच दिसतो. गर्दीत उभा, काही न बोलता. त्याची मुलगी उठली पुढे. सगळ्यांचं माणूस उठत नाही.

तर तुम्ही विचारता मी काय करते. एवढंच करते की प्रार्थना करेन असं म्हणत नाही. कुणी विनंती दिली की जमलं तर तिथेच फोन लावते आणि फोनवरच करते, ऑफिसच्या जिन्यात, रांगेत, अर्धा मिनिट, नाव घेऊन. नाहीच जमलं तर "आत्ता जमत नाही, रात्री नऊला करते" असं लिहिते आणि नऊचा अलार्म लावते. एक छोटी वही आहे, तिच्यात नाव आणि तारीख. काहींना हा दिखावा वाटतो, एक जण तोंडावर म्हणाल्या की जिन्यात उभं राहून कसली भक्ती. त्यांना काय सांगणार. आणि त्या अर्ध्या मिनिटातही मन भटकतं हो, नाव घेता घेता मेल आठवतो, मी परत नावावर येते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघरात काम करणारे ब्रदर लॉरेन्स, कामातही देवाकडे लक्ष ठेवणारे म्हणून ज्यांचं नाव लोक मला नेहमी सांगतात, त्यांनीही कबूल केलंय की प्रार्थनेची वेळ कितीदा भटके विचार दूर सारण्यात आणि परत त्यांच्यातच पडण्यात गेली. हे मात्र कुणी सांगत नाही.

अजून एक, मार्थेबद्दल, म्हणजे येशू घरी आला तेव्हा बहीण त्याचं ऐकत बसली आणि जी एकटीच कामात गुंतली ती. तिचं नाव घेऊन मी बायकांना खूप बोललेय, त्याची मला लाज वाटते. लूक १० मध्ये प्रभू तिला काम करतेस म्हणून बोलत नाही, पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस म्हणतो. आणि योहान १२ उघडून बघा, तिचा भाऊ लाजर मेलेल्यांतून उठल्यानंतरचं जेवण, मार्था परत वाढतेच आहे, आणि या वेळी तिला कुणी काही बोलत नाही. मधल्या काळात तिचा भाऊ कबरेत होता आणि तिनंच वाटेवर जाऊन येशूला म्हटलं होतं, तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र. हात तेच, काम तेच. तिच्या आत काय बदललं असेल याचा मी खूप विचार करते.

वहीच्या पहिल्या पानावर माझ्या मैत्रिणीच्या मिस्टरांचं नाव आहे. ते गेल्यावर लिहिलं मी, उशिरानं. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, त्यामुळे त्या नावाचं काय करायचं मला कळत नाही, पण खोडवतही नाही. त्याखाली तिचं नाव आहे, ते मी रोज घेते. तिला हे माहीत नाही, आणि या वेळी मी सांगायला जाणार नाही.